पेशवाईंतील कचेरी : माणूस, कागद आणि शिस्त

चिटणीस, फडणीस, पोतनीस, सबनीस, कारखानीस, मुजुमदार, दफ्तरदार हीं आडनांवें महाराष्ट्रांत इतकीं परिचयाचीं आहेत कीं, हीं एके काळीं कचेरींतील हुद्द्यांचीं नांवें होतीं ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. सुतार किंवा दुकान मांडणारा वाणी आपल्या धंद्यावरून ओळखला जावा, तसे हे लोक लेखणीवरून ओळखले गेले. हुद्दा घराण्यांत राहिला, आणि पुढें हुद्दा गेला तरी नांव राहिलें. एवढ्या एका गोष्टींत मराठेशाहींतील कचेरीचा पुष्कळसा स्वभाव दिसून येतो. त्या काळीं काम म्हणजे ठराविक वेळेची नोकरी नव्हती. तें घराण्याचें वतन होतें, अब्रूचा प्रश्न होता, आणि म्हणूनच त्यांत गुणही होते व दोषही होते.

पेशव्यांच्या राज्यकारभाराचें केंद्र म्हणजे पुण्याचें हुजूर दफ्तर. येथें २०० हून अधिक कारकून काम करीत असत. दफ्तराचे मुख्य भाग दोन : चालतें दफ्तर व एकबेरीज दफ्तर. चालतें दफ्तर खुद्द फडणिसांच्या हाताखालीं असे. त्याच्या फड या शाखेंत सनदा व हुकूम निघत आणि रोजकीर्द लिहिली जाई. बेहडा या शाखेंत प्रांतांच्या जमाखर्चाचा अंदाज आगाऊ तयार होई. सरंजाम शाखेंत सरदारांना लावून दिलेल्या मुलखाचे हिशेब राहत. एकबेरीज दफ्तरांत सर्व खात्यांचे हिशेब एकत्र येऊन त्यांचे तरजुमे व खतावण्या होत. कागद मोडी लिपींत, बोरूनें लिहिलेले. लिहून झाले कीं रुमालांत बांधून ठेवलेले. वर्षानुवर्षांचा हिशेब हवा तेव्हां हातीं यावा, हा या साऱ्या व्यवस्थेचा हेतु होता.

या कचेरींत बोलण्यालिहिण्याचीही एक कडक रीत होती. पत्राचा मायना चुकणें म्हणजे माणसाचा मान चुकणें. वडिलांस ‘तीर्थरूप’, धाकट्यांस ‘चिरंजीव’, बरोबरीच्या सरदारास ‘राजश्री’, धन्यास ‘स्वामींचे सेवेसी’. शेवट कोठें ‘विनंति’, तर कोठें ‘जाणिजे’. कागद पुरा झाल्याची खूण म्हणून मोर्तब उठे. कोणास कसें लिहावें हें शिकविणारीं ‘मेस्तकें’ कारकुनांसाठीं तयार झालेलीं होतीं. आज ही सर्व शोभेची भाषा वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या राज्यांत शिंदे, होळकर, भोसले, गायकवाड यांसारखे बलवान् सरदार दूरदूरच्या प्रांतांत फौजा घेऊन बसलेले, त्या राज्यांत पुण्याचा शब्द त्यांच्यापर्यंत पोहोंचविणारें मुख्य साधन हा कागदच होता. हुकुमांत मान राखला तर हुकूम मानला जाई. मान दुखावला तर फौज असूनही ती कामास येण्याचा भरंवसा नसे.

प्रांतांतील कचेरींत याहूनही विलक्षण व्यवस्था होती. मोठ्या मामलेदाराच्या हाताखालीं आठ दरकदार असत. पत्रांवर दिवाणाची सही लागे. हिशेब व दस्तऐवज फडणिसाकडे जाण्यापूर्वीं मुजुमदार पाहून घेई. फडणीस कागदांवर तारखा घाली, रोजची कीर्द लिही व पैशांच्या पिशव्यांना चिठ्या बांधी. दफ्तरदार त्या कीर्दीवरून खातें तयार करून दरमहा त्याचा गोषवारा हुजुराकडे धाडी. पोतनीस वसुलाचा व शिलकेचा हिशेब ठेवी; पोतदार नाणीं पारखी, आणि तेही एक नसून दोन असत. सभासद किरकोळ फिर्यादींची नोंद ठेवी. पत्रव्यवहार चिटणिसाकडे असे. मुख्य मुद्दा असा कीं, या दरकदारांना दूर करण्याचा अधिकार मामलेदारास नव्हता. त्यांची नेमणूक सरकारांतून झालेली, आणि पुष्कळ वेळां वंशपरंपरेची. म्हणजे वरिष्ठाच्या शेजारीं बसून त्याचें काम करावयाचें, पण त्याच्या मर्जीवर पोट अवलंबून नाहीं, अशी ही रचना होती. खोटा कागद करावयाचा तर मामलेदारास एकदोघांना नव्हे, अनेकांना वश करावें लागे.

तथापि माणसाची बुद्धि व्यवस्थेच्या पुढें धांवते. इ. स. १८१९ च्या आपल्या अहवालांत माउंट स्टुअर्ट एलफिन्स्टन यानें ‘दरबारखर्च’ किंवा ‘अंतस्थ’ या रकमेची जी हकीकत दिली आहे, ती मोठी बोधप्रद आहे. प्रथम ही रकम गुप्तपणें गोळा करून दरबारांतील मुत्सद्यांना व हिशेब तपासणारांना चारली जाई. हळूहळू तिचे दर ठरून गेले, ती उघड झाली, आणि इतर खर्चाप्रमाणें तिचाही हिशेब तपासला जाऊं लागला! मग लांच देण्यास नवी गुप्त रकम हवी म्हणून रयतेकडून आणखी वसूल होऊं लागला. आणि अशा नाजूक बाबींत तपासणारे खोल जात नसल्यामुळें मामलेदार वरच्यांच्या नांवानें घेऊन स्वतःसाठीं अधिक ठेवीत. सर्व कांहीं कागदावर आणण्याची संवय ही गुणाची खरी. पण लांचही कागदावर आला कीं त्याला रीतीचें स्वरूप येतें.

मग अशा कचेरींत ‘हें चुकतें आहे’ असें वरिष्ठास सांगण्यास जागा होती काय? याचें उत्तर रामशास्त्री प्रभुणे यांच्या चरित्रांत मिळतें. थोरले माधवराव पेशवे ध्यानधारणेंत मग्न असल्यामुळें कामासाठीं आलेल्या शास्त्रीबोवांना परत जावें लागलें. दुसऱ्या दिवशीं शास्त्रीबोवांनीं काशीस जाण्याची परवानगी मागितली. माधवरावांनीं आपल्या आचरणाचें समर्थन केलें, तेव्हां ते म्हणाले कीं, ब्राह्मणधर्म सोडून राज्य पत्करलें आहे तर प्रजेचें कल्याण हाच आपला धर्म. तो साधत नसेल तर गादी सोडून गंगातीरीं चलावें. ग्रँट डफनें नमूद केलेली ही गोष्ट. माधवरावांनीं ती रागानें न घेतां आपला क्रम बदलला.

पुढें ३० ऑगस्ट १७७३ रोजीं नारायणराव पेशव्यांचा वध झाला. त्या प्रकरणीं रघुनाथरावांस देहान्त प्रायश्चित्ताखेरीज गति नाहीं, असें रामशास्त्र्यांनीं तोंडावर सांगितलें आणि पुणें सोडलें. तोच न्यायाधीश, तोच स्पष्टपणा. एका धन्यानें तो मानला, दुसऱ्यानें मानला नाहीं. बारभाईंच्या कारभारांत ते न्यायासनावर परत आले, हें त्या मंडळींस भूषणावह आहे. परंतु सत्य बोलणाराच्या हातीं शेवटीं राजीनाम्यापलीकडे दुसरें साधन नव्हतें, हेंही तितकेंच खरें आहे.

दफ्तराची भरभराट झाली ती नाना फडणिसांच्या काळांत. पानिपतांतून बचावलेला हा पुरुष पुढें पंचवीस वर्षांहून अधिक काळ राज्याचा सूत्रधार होता. हिशेबाचा काटेकोरपणा, बातमी मिळविण्याची दक्षता आणि प्रत्येक कागद स्वतः पाहण्याची हौस, या गुणांनीं त्यांनीं कचेरीस वळण लावलें. पण त्याच गुणांत एक उणीव दडलेली होती. सर्व सूत्रें एका हातीं राहिलीं. सवाई माधवराव मोठे झाले तरी कारभार स्वतः चालविण्याचा अनुभव त्यांना फारसा आला नाहीं, इ. स. १७९५ मध्यें त्यांचा अंत झाला, आणि १३ मार्च १८०० रोजीं नानाही गेले. कचेरी होती, कारकून होते, रुमाल होते. पहाणारा डोळा मात्र उरला नाहीं.

दुसऱ्या बाजीरावांच्या राजवटींत जें झालें तें याचेंच फळ. महाल मक्त्यानें, जो अधिक देईल त्याला, दिले जाऊं लागले. सरकारास ठरीव रकम मिळाली म्हणजे पुरे. मग रयतेकडून काय घेतलें हें पहाण्याचें कारणच राहिलें नाहीं, आणि दरकदारांच्या कीर्दींना अर्थ उरला नाहीं. इ. स. १७९६-९७ नंतर दफ्तराचा सलगपणा मोडला. १८११-१२ पासून तर हेळसांड इतकी वाढली कीं लोक कागद उचलून नेऊं लागले. इ. स. १८१८ त राज्य गेलें. दफ्तरानें राज्य बुडविलें असें कोणी म्हणणार नाहीं; पण राज्य खचत असल्याची खूण दफ्तरांत आधीं उमटली होती.

या कागदांची किंमत लोकांना निराळ्या प्रसंगीं कळली. इ. स. १८५२ च्या कायद्यान्वयें इनाम कमिशननें मुंबई इलाख्यांतील इनामांची चौकशी मांडली, तेव्हां पेशव्यांचें दफ्तर उलगडून घराण्यांचे हक्क तपासले गेले. एखाद्या कारकुनानें नीट लिहून ठेवलेल्या नोंदीनें कोणाची जमीन राहिली, आणि नोंद न सांपडल्यानें कोणाची गेली. ज्या कारकुनाचें नांवही कोणास ठाऊक नाहीं, त्याची अर्धी ओळ दोन पिढ्यांनंतर एका कुटुंबाच्या अन्नास कारण झाली. पुढें १९३० ते १९३४ या काळांत गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं या दफ्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले, आणि मराठ्यांच्या इतिहासाला भक्कम आधार मिळाला.

या कचेरीचे सर्व दोष ध्यानीं ठेवूनच तिचा विचार केला पाहिजे. लेखणी थोड्या जातींच्या हातीं राहिली. वंशपरंपरेमुळें लायक माणसास वाव मिळेना, आणि नालायकास हलवितां येईना. पण धन्याच्या हाताखालीं राहूनही त्याच्या मर्जीबाहेरचा हिशेब ठेवणारा माणूस कचेरींत असावा, ही जाण तिच्यांत होती. माधवरावांसारखा ऐकून घेणारा धनी असेपर्यंत ती जाण कामास आली. ऐकणारा कान गेला, तेव्हां आठ दरकदारांच्या आठ सह्याही रयतेस वांचवूं शकल्या नाहींत.