अडीच इंचांचा इतिहास

बी.कॉम.ला आम्हाला घसारा शिकवणारे सर म्हणत, "वस्तू दुकानातून बाहेर पडली की मरायला लागते. हिशेबनिसाने फक्त दर वर्षी ती किती मेली ते लिहायचं." हे वाक्य मी परीक्षेपुरते पाठ केले आणि परीक्षेबरोबर विसरलो. परवा आईच्या चष्म्याने ते पुन्हा आठवून दिले.

चष्मा म्हणजे नाकावरचा नव्हे. तो निराळा, आणि तो नेहमी हरवलेला असतो. हा चष्मा म्हणजे चिरंजीवांच्या भाषेत 'व्हीआर हेडसेट'. पुढे मोबाइल सरकवायचा, मागे डोळे लावायचे, पट्टा डोक्यामागे अडकवायचा, की चेंबूरच्या तिसऱ्या मजल्यावर बसलेला माणूस थेट काशीच्या घाटावर! डावीकडे मान वळवली की डावीकडचा घाट, वर पाहिले की आभाळ. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि आईच्या गुडघ्यांनी गेले आठ महिने संप पुकारलेला आहे. तेव्हा रोज दुपारी वीस मिनिटे ती या खोक्यातून बाहेर जाऊन येते. काशी चार वेळा झाली, हिमालय दोनदा. एकदा चुकून समुद्राच्या तळाशीही गेली होती. तिथून परत आल्यावर तिने आधी आंघोळ केली.

या खोक्याला आता सात-आठ वर्षे झाली. कपाळाला लागणारा स्पंज खपलीसारखा निघाला. पट्टा जुन्या पायजम्याच्या नाडीसारखा सैल पडला. भिंगे आई पदराने पुसत असे आणि त्या पदराला दिवसभरात मीठ, हळद, पीठ सगळ्यांचा सहवास घडलेला असे, त्यामुळे काशीवर कायमचे धुके पसरले. शेवटी ज्या मोबाइलवर हे सारे चालायचे तोच गेला. नवा घेतला, तर तो इतका लांब की खोक्यात मावेना.

"दुसरा आणा," ही म्हणाली.

'दुसरा आणा' हे दोन शब्द मध्यमवर्गीय संसारात फार महागात पडतात. चिरंजीवांनी किमती काढून दाखवल्या. मोबाइलशिवाय चालणारे यंत्र घ्यायचे तर माझ्या पगारावर थेट दरोडा. ॲपल कंपनीने २०२४ साली अमेरिकेत असले यंत्र काढले त्याची किंमत ३,४९९ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने जवळजवळ तीन लाख रुपये. एवढ्या पैशांत आईला खुर्चीत बसवून चार माणसांनी उचलून खऱ्या काशीला नेऊन आणता येईल.

बँकेत कर्ज मागायला कोणी आला की आधी त्याची मागची पाने पाहायची, ही आमची खोड. तेव्हा मी या खोक्याची मागची पाने उलटायला बसलो, आणि पाहतो तो काय, खाते १८३८ सालापासून चालू!

त्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीत चार्ल्स व्हीटस्टन नावाच्या गृहस्थाने एक निबंध वाचला. हा वाद्ये बनवणाऱ्या घराण्यातला. कॉन्सर्टिना नावाची हातात धरून दाबायची छोटी पेटी याचीच. त्याचे म्हणणे असे, की आपले दोन डोळे एकमेकांपासून साधारण अडीच इंच लांब. म्हणून प्रत्येकाला समोरचे चित्र किंचित वेगळे दिसते. ती दोन वेगळी चित्रे मेंदू जुळवतो आणि त्यातून वस्तू जवळ की लांब ते कळते. पटत नसेल तर नाकासमोर बोट धरा आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटा. बोट टुणकन उडी मारते. (हा प्रयोग लोकलमध्ये करू नये. मी केला, तर समोरच्या बाई उठून दुसरीकडे जाऊन बसल्या.)

आमच्या बँकेत दोन सह्या किंचित वेगळ्या दिसल्या की आम्ही चेक परत पाठवतो. मेंदूचा कारभार उलटा. तो दोन सह्यांत फरक असलेला चेकच वटवतो, आणि त्याचे पैसे म्हणजे खोली! व्हीटस्टनने दोन चित्रे आणि दोन आरसे मांडून हे सिद्ध केले. फोटोग्राफी जगापुढे आली १८३९ साली, म्हणून बिचाऱ्याला रेघांची चित्रे काढून भागवावे लागले.

पुढे १८४९ साली डेव्हिड ब्रूस्टर यांनी आरसे काढून भिंगे बसवली आणि यंत्र खोक्यात आणले. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात ते व्हिक्टोरिया राणीला आवडले. राणीला आवडले म्हटल्यावर मग काय, ज्याच्या त्याच्या दिवाणखान्यात स्टिरिओस्कोप! १८६१ साली अमेरिकेतल्या ऑलिव्हर वेंडेल होम्स या डॉक्टर-लेखकाने लाकडी दांड्याचा साधा, स्वस्त नमुना काढला आणि त्याचे पेटंट मुद्दाम घेतले नाही. कोणीही बनवा, कोणीही विका! माझ्यासारख्या गिऱ्हाइकाचा विचार करणारा या सबंध इतिहासातला हा पहिला सज्जन. मी त्याला मनातल्या मनात नमस्कार केला.

होम्सच्या दांड्यावर पाश्चात्त्य मध्यमवर्गाने घरबसल्या जग पाहिले. अंडरवुड अँड अंडरवुड या कंपनीसाठी जेम्स रिकाल्टन नावाचा फिरस्ता कॅमेरा घेऊन हिंदुस्थानभर हिंडला. त्या चित्रांचा संच आणि सोबतचे पुस्तक १९०० नंतरच्या त्या पहिल्या दशकात विकले जात होते. म्हणजे आई काशीचा घाट पाहते तसे अमेरिकेतली कुठलीशी आजी मांडीवर शाल घेऊन आपल्याकडचे घाट पाहत होती. तिचेही गुडघे दुखत असणार. नाहीतर एवढा खटाटोप कोण करतो?

आता तुम्ही म्हणाल, हे सगळे साहेबाच्या देशातले. तर तसे नाही. आमच्या चेंबूरहून कल्याण काही लांब नाही. तिथल्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ साली 'शांबरिक खरोलिका' या नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले. काचेवर हाताने रंगवलेली पौराणिक चित्रे कंदिलाच्या उजेडात पडद्यावर पाडायची, एकीवरून दुसरी अशी सरकवायची की चित्रातले देव हलल्यासारखे वाटावेत, आणि जोडीला निवेदन. लुमिएर बंधूंचा सिनेमा मुंबईत वॉटसन हॉटेलात आला तो ७ जुलै १८९६ ला. म्हणजे त्याआधी चार वर्षे कल्याणकरांनी देव हलते केले होते! खरोलिकेत अडीच इंचांची करामत नव्हती. पण चित्रासोबत सांगणारा माणूस होता, आणि तो आजच्या कुठल्याही यंत्राबरोबर मिळत नाही.

१९३९ साली व्ह्यू-मास्टर आला. तो काढणारा विल्यम ग्रूबर हा पियानोचे सूर लावणारा! पहिला पेटीवाला, हा पियानोवाला. डोळ्यांच्या या धंद्यात कानाची माणसे कशी शिरली देव जाणे. लहानपणी माझ्या मामाने आमच्याकडे एक व्ह्यू-मास्टर आणला होता. गोल चकतीत चौदा चित्रे, म्हणजे सात जोड्या. खटका दाबला की पुढची जोडी. आमच्याकडे चकती एकच होती, ताजमहालाची. तो मी इतक्या वेळा पाहिला की पुढे आग्रा प्रत्यक्ष पाहिले तेव्हा कुठे खटका दाबायचा ते कळेना.

तसे चेंबूरकरांना आभासी जगाचे कौतुक नसावेच. १९४८ साली राज कपूरने आर.के. स्टुडिओ आमच्याच गावात उभारला. भिंतीच्या आत स्वप्ने तयार होत आणि बाहेरून आम्ही बसने जात असू. २०१७ साली त्याला आग लागली, २०१९ साली जागा बिल्डरकडे गेली. स्वप्नांनाही घसारा असतो, हे आमच्या सरांनी सांगितले नव्हते.

डोक्यावर चढवायचे यंत्र १९६८ साली आयव्हन सदरलँड यांनी अमेरिकेत बनवले. ते इतके जड होते की छताला टांगावे लागे. ऐंशीच्या दशकात जॅरन लॅनियर यांनी 'व्हर्च्युअल रिॲलिटी' हा शब्द रूढ केला. हाही वादक, नाना देशांची वाद्ये वाजवणारा! तिसरा!! त्याच्या कंपनीच्या यंत्राची किंमत नऊ हजार डॉलरच्या वर होती आणि कंपनी पुढे बुडाली. १९९५ साली निन्टेन्डोने स्वस्तात 'व्हर्च्युअल बॉय' काढला. त्यात सारे जग लाल दिसे. वर्षभरात तोही गुंडाळला. २०१२ साली पामर लकी या तरुणाने लोकांकडून वर्गणी काढून यंत्र बनवायला घेतले, आणि २०१४ साली फेसबुकने त्याची कंपनी दोन अब्ज डॉलरना विकत घ्यायचे ठरवले. आमच्या गल्लीतही वर्गणी निघते, पण तिचे असे कधी झालेले नाही.

आणि त्याच २०१४ साली गूगलच्या पॅरिसमधल्या दोन इंजिनिअरांनी पुठ्ठ्याचा खोका केला. पुठ्ठा, दोन भिंगे, आत मोबाइल. नकाशा फुकट जाहीर, कोणीही बनवा! होम्स डॉक्टर पुन्हा जन्माला आले म्हणायचे. २०२१ साली गूगलने तो विकणे थांबवले. पण पुठ्ठ्याचे एक बरे असते. कंपनीने बंद केला तरी तो वाण्याकडे मिळतोच.

एवढे ज्ञान घेऊन एका शनिवारी मी लॅमिंग्टन रोडला गेलो. दुकानदाराने मला लांब मोबाइल मावणारा प्लॅस्टिकचा खोका दाखवला. किंमतही आवाक्यातली. मी पाकीट काढणार तोच त्याने विचारले, "साहेब, मोबाइलमध्ये जायरो आहे ना?"

जायरो म्हणजे मला आधी एखादे खाते वाटले. ती मान कुठे वळली हे ओळखणारी चकती, असे त्याने समजावले. स्वस्त मोबाइलमध्ये कंपन्या बऱ्याचदा तिलाच फाटा देतात. माझ्यात ती नव्हती, म्हणजे माझ्या मोबाइलमध्ये. आई कितीही मान वळवो, काशी जागची हलणार नाही. म्हणजे खोका स्वस्त, पण त्यासाठी मोबाइल नवा! चोरबाजारात होम्सच्या जातीचा एक लाकडी स्टिरिओस्कोप दिसला. तो जुना म्हणून महाग. नवे नवे म्हणून महाग, जुने जुने म्हणून महाग. स्वस्त तेवढा मीच उरलो.

हात हलवत घरी आलो. आईला सगळे सांगितले. ती म्हणाली, "अरे, काशी काय, झाली पाहून. खाली गल्लीत काय चाललंय ते दिसेल का त्यात?"

मी गप्प झालो. आमची इमारत मार्चअखेर रिकामी करायची आहे. पाडून टोलेजंग होणार. आई खाली उतरेल ती चार जणांच्या हातातल्या खुर्चीतून, आणि तडक टॅक्सीत बसेल. अठ्ठेचाळीस वर्षांची गल्ली तिला तेवढ्यात पाहायची.

आणि मग माझ्या डोक्यात व्हीटस्टनची पेटी वाजली. गल्ली पाहायला मान कशाला वळवायला हवी? दोन चित्रे पुरेत, अडीच इंचांच्या अंतराची! शाळांच्या प्रयोगशाळांचे सामान विकणाऱ्या दुकानातून दोन बहिर्गोल भिंगे आणली, एकशेवीस रुपये. बुटाचा खोका घरचा. मध्ये पुठ्ठ्याचा पडदा, म्हणजे एका डोळ्याने दुसऱ्याच्या कारभारात नाक खुपसायला नको. मग गल्लीत जाऊन प्रत्येक गोष्टीचे दोन दोन फोटो काढले. डाव्या पायावर भार देऊन एक, उजव्या पायावर देऊन दुसरा, बस. चिरंजीवांनी ते शेजारी शेजारी चिकटवले. मधल्या काळात जे हलले त्यांची भुते झाली. वॉचमनला दोन डोकी आली, एक रिक्षा अर्धी विरघळली. पेरूचे झाड मात्र छान उभे राहिले, आणि भाजीवाली मावशी तर देवळातल्या नंदीसारखी.

आईने खोका डोळ्यांना लावला. बराच वेळ काही बोलली नाही. मी शेजारी बसून खरोलिकेतल्या निवेदकासारखा सांगत होतो, "हे वाण्याचं बाकडं, हा नळ..."

"मला दिसतंय," ती म्हणाली. "बाकड्याचा एक पाय गेलाय रे." हे मला अठ्ठेचाळीस फेऱ्यांतही दिसले नव्हते. पुढची जोडी आली तसा तिने हात पुढे केला, मावशीच्या गाडीवरची कोथिंबिरीची जुडी उचलायला. हात माझ्या नाकावर आला.

"कशी दिली म्हणे?"

भाव मी विचारला नव्हता. दुसऱ्या दिवशी विचारून आलो. आता रोज ऑफिसातून येताना दोन पायांवर डुलत फोटो काढतो, आणि गल्लीत माझ्याबद्दल काय बोलले जाते ते ही मला सांगत नाही. आतापर्यंत एकतीस जोड्या झाल्या. पानवाला, गणपतीच्या मांडवाची जागा, कोपऱ्यावरची पिठाची गिरणी, सगळे आले.

काल रात्री आई म्हणाली, "जिन्याचा पण काढ एक."

"जिन्याचा? ज्यानं तुझे गुडघे घालवले त्याचा?"

"चढायचा कुठाय," ती म्हणाली, "नुसता बघायचाय."