रश्श्यातला गोळा कोणाचा?

१/५ रश्श्यातला गोळा दिसताच त्याला कोफ्त्याचा वंशज ठरवण्याची घाई होते. वऱ्हाडचा इतिहास मात्र सावध करतो.

२/५ ‘कोफ्ता’ फारसी ‘कूफ्तन’ म्हणजे कुटणे यावरून आला. कुटलेल्या मांसाचे गोळे हे त्याचे मूळ रूप. बगदादच्या १२२६ च्या ‘किताब अल्-तबीख’मध्ये त्यांच्या कृती आढळतात. बहमनी, इमादशाही, मोगल, निजाम या राजवटींमुळे वऱ्हाडही दीर्घकाळ फारसी दरबारी संस्कृतीच्या छायेत राहिले.

३/५ याच वऱ्हाडात शिरपूर जैन हे अंतरिक्ष पार्श्वनाथांचे तीर्थ. जैन आचारात मांस वर्ज्य, कांदा-लसूणही निषिद्ध. अशा घरालाही गोळ्यांची आमटी परकी नाही : भिजवलेली हरभऱ्याची डाळ जाडसर वाटावी, हिंग-जिरे घालून गोळे वळावेत, उकळत्या आमटीत सोडावेत.

४/५ ही कोफ्त्याची नक्कल म्हणावी काय? कल्याणीच्या तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ (सुमारे ११२९) ग्रंथात दूध-दह्यात भिजवलेले डाळीचे वडे आहेत. म्हणजे डाळ वाटून, आकार देऊन द्रवात मुरवण्याची दख्खनी रीत बगदादच्या त्या ग्रंथाहून जवळपास शतकभर आधीची.

५/५ आणि दोन्ही रश्श्यांवरची लाल तर्री? मिरची अमेरिकेतली, पोर्तुगीजांमार्फत ती सोळाव्या शतकात भारतात पोहोचली. सर्वांत ‘अस्सल वऱ्हाडी’ वाटणारा तिखटपणाच सर्वांत नवा! साम्य म्हणजे वंशावळ नव्हे.