समुद्री कासवे : दोन विणींमधला काळ

समुद्री कासवाची मादी एका हंगामात अनेकदा किनाऱ्यावर येऊन अंडी घालते. दोन खेपांमधले तिचे दिवस समुद्रात जातात. चामडी पाठीच्या कासवात हे अंतर नऊ-दहा दिवसांचे, हिरव्या कासवात आणि लॉगरहेडमध्ये साधारण दोन आठवड्यांचे असते. सामूहिक विणीला येणाऱ्या ऑलिव्ह रिडले माद्या महिनाभरही थांबतात.

या दिवसांत पोटात पुढची अंडी घडत असतात. बीजांडे सुटतात, साठवलेल्या शुक्राणूंनी फलित होतात, त्यांवर पांढरा बलक आणि कवच चढते. अंडवाहिनीत ऑक्सिजन फार कमी असल्याने गर्भ सुरुवातीच्या टप्प्यावरच थांबतो आणि अंडी वाळूत पडल्यावर पुन्हा वाढू लागतो. पाणी जितके उबदार, तितकी अंडी लवकर तयार होतात. ग्रीसच्या झाकिंथोस बेटाजवळ लॉगरहेड माद्या हंगामाच्या सुरुवातीला किनाऱ्यालगतचे कोमट पाणी शोधून तिथेच मुक्काम करतात.

या काळात माद्या मारत असलेल्या बुड्यांचा सर्वांत बोलका अभ्यास दक्षिण अटलांटिकमधील असेन्शन बेटावरचा आहे. ब्राझीलच्या किनाऱ्यावर चरणाऱ्या हिरव्या माद्या दोन हजारांहून अधिक किलोमीटर पोहून इथे येतात. बेटाभोवती त्यांना पुरेसा चारा नाही, त्यामुळे सारा हंगाम अंगातल्या चरबीवर काढावा लागतो. त्यांच्या पाठीवर बसवलेल्या खोलीमापकांच्या आलेखात बुडी सपाट बुडाच्या पातेल्यासारखी दिसते : मादी भरपूर श्वास घेते, थेट तळाशी जाते, तिथे निपचित पडून राहते आणि मग थेट वर येते. अशा विश्रांतीची खोली बहुधा वीस मीटरच्या आत असते. उथळ पाण्यात भरलेली फुप्फुसे तिला वर ढकलतात. खाली जावे तसा दाबाने हवेचा आकार घटतो आणि या खोलीच्या आसपास शरीर ना तरंगते, ना बुडते. हालचाल न करता जास्तीत जास्त हवा बाळगता येते ती इथेच. सायप्रसजवळच्या हिरव्या माद्या मात्र याच काळात उथळ पाण्यातले समुद्री गवत चरतात. एकाच जातीचे हे दोन दिनक्रम ठरतात ते जवळ चारा आहे की नाही यावर.

चामडी पाठीचे कासव स्वस्थ बसत नाही. कॅरिबियनमधील सेंट क्रॉय बेटाजवळ १९८०च्या दशकात झालेल्या नोंदींनुसार ते रात्रंदिवस बुड्या मारत राहते. दिवसा खोल, रात्री उथळ. त्याच्या ऑक्सिजनचा मोठा साठा रक्तात आणि स्नायूंत असतो, म्हणून शेकडो मीटर खोलीही त्याला पेलते.

माद्यांच्या समुद्रातल्या हालचाली टिपण्यासाठी कोकणातही जानेवारी २०२२ पासून कांदळवन प्रतिष्ठान आणि भारतीय वन्यजीव संस्था यांनी ऑलिव्ह रिडले माद्यांना उपग्रह ट्रान्समीटर लावले. वेळासच्या किनाऱ्यावरची ‘प्रथमा’ ही त्यांतली पहिली मादी.

संरक्षणाचा विचार पुष्कळदा वाळूवरच्या घरट्यांपाशी थांबतो, पण मादीला खरा धोका लगतच्या पाण्यात असतो. ट्रॉलरच्या जाळ्यात सापडली की तिला श्वासासाठी वर येता येत नाही आणि ती गुदमरून मरते. पोटात तयार होणारी अंडीही तिच्याबरोबर जातात. म्हणूनच ओडिशात धामरा, देवी आणि ऋषिकुल्या या नद्यांच्या मुखांसमोर १ नोव्हेंबर ते ३१ मे या काळात किनाऱ्यापासून २० किलोमीटरपर्यंत मासेमारीला बंदी असते.