अवटुजन्य आवर्ती अंगघात

अवटू ग्रंथीच्या, म्हणजेच थायरॉइडच्या, अतिक्रियेत रक्तातील पोटॅशियम एकाएकी घटून हातपाय तात्पुरते लुळे पडण्याचा विकार. रुग्ण बहुधा २० ते ४० वर्षे वयाचा व एरवी धडधाकट पुरुष असतो. श्रमानंतरची विश्रांती किंवा रात्रीचे भरपूर गोड वा पिष्टमय जेवण हे झटक्याचे नेहमीचे निमित्त होय. रुग्ण पहाटे जागा होतो, तेव्हा त्याला पाय हलविता येत नाहीत. मांड्या व दंड यांचे स्नायू अधिक दुर्बल होतात. शुद्ध व स्पर्शज्ञान मात्र शाबूत असते. काही तासांत, क्वचित दोन-तीन दिवसांत, शक्ती पूर्ववत होते. त्यामुळे हा झटका कित्येकदा मज्जारज्जूचा विकार किंवा निव्वळ मानसिक दुखणे समजला जातो. तो आपोआप ओसरत असला, तरी निरुपद्रवी नव्हे. पोटॅशियम फार घटल्यास हृदयाचे ठोके अनियमित होऊन मृत्यूही ओढवू शकतो.

इतिहास : मानेतील ग्रंथी आणि हातापायांचे स्नायू यांचे दोन वेगळे अभ्यास एकत्र आल्यावर या विकाराचा उलगडा झाला. गलगंड, छातीतील धडधड व बटबटीत डोळे या लक्षणांचा परस्परसंबंध डब्लिन येथील रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी १८३५ मध्ये व जर्मनीतील कार्ल फोन बाझेडो यांनी १८४० मध्ये वर्णिला. दुसरीकडे, ठराविक काळाने येऊन जाणाऱ्या अंगघाताचे सविस्तर वर्णन कार्ल वेस्टफाल यांनी १८८५ मध्ये केले. झटका चालू असताना स्नायू विजेच्या उत्तेजनालाही प्रतिसाद देत नाहीत, असे त्यांना आढळले. पुढे हा अंगघात काही कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालतो, हेही दिसून आले. मात्र काही रुग्णांच्या घराण्यात असा इतिहास नव्हता आणि त्यांची अवटू ग्रंथी अतिक्रियाशील होती. रोझेनफेल्ड यांनी १९०२ मध्ये अशा रुग्णाची नोंद केली. अमेरिकेतील डनलॅप व केपलर यांनी १९३१ मध्ये नेत्रोत्सेधी गलगंडाबरोबर येणाऱ्या या अंगघाताकडे पुन्हा लक्ष वेधले.

झटक्याच्या वेळी रक्तातील पोटॅशियम कमी होते, हे बीमाँड व डॅनियल्स यांनी १९३४ मध्ये घराण्यात चालणाऱ्या प्रकाराच्या अभ्यासातून दाखविले. घटलेले पोटॅशियम मूत्रावाटे बाहेर जात नाही; ते रक्तातून स्नायूंच्या कोशिकांत शिरते. शरीरातील पोटॅशियमचा एकूण साठा कायम राहतो व त्याची केवळ जागा बदलते. झटक्यानंतर शक्ती पूर्णपणे परत का येते, याचे स्पष्टीकरण यातून मिळाले.

प्रदेशभेद : उत्तर अमेरिकेत अवटू-अतिक्रियेच्या दर हजार रुग्णांत जेमतेम एक-दोघांना हा अंगघात होतो. जपानमध्ये ओकिनाका व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत हेच प्रमाण पुरुषांत ८·२ टक्के, तर स्त्रियांत ०·४ टक्के आढळले. हाँगकाँगमधील मॅकफॅड्झीन व युंग यांच्या १९६७ मधील अभ्यासात ते चिनी पुरुषांत १३ टक्के व स्त्रियांत ०·१७ टक्के होते. अवटू-अतिक्रिया स्त्रियांत अधिक, पण तिच्यातून उद्‌भवणारा अंगघात मात्र पुरुषांत अधिक, असा हा विरोधाभास आहे. भारतातही याचे रुग्ण नोंदले गेले आहेत.

कारणमीमांसा : कोशिकेतील सोडियम बाहेर टाकून पोटॅशियम आत घेणाऱ्या एंझाइमाचा शोध येन्स स्कोऊ यांनी १९५७ मध्ये लावला. या कार्याबद्दल त्यांना १९९७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा भाग मिळाला. अवटू ग्रंथीची हॉर्मोने या एंझाइमाची क्रिया वाढवितात. इन्शुलीन व ॲड्रेनॅलीन यांच्यामुळेही ती वाढते. गोड व पिष्टमय जेवणानंतर इन्शुलीन वाढत असल्याने अशा जेवणाचा झटक्याशी संबंध जुळतो. पोटॅशियम कोशिकेबाहेर जाण्याच्या वाटेतील एका प्रथिनात काही रुग्णांमध्ये आनुवंशिक दोष असतो, असे अमेरिकेतील संशोधकांनी २०१० मध्ये दाखविले. तथापि सर्व रुग्णांत हा दोष आढळत नाही.

उपचार : झटक्यात पोटॅशियम देतात, परंतु ते बेताने द्यावे लागते. कोशिकांत अडकलेले पोटॅशियम झटका ओसरताना रक्तात परत येते व त्यात बाहेरून दिलेल्याची भर पडल्यास हृदयाला उलट बाजूने धोका निर्माण होतो. प्रोप्रॅनोलॉल हे औषधही उपयुक्त ठरते. हे उपाय झटक्यापुरते होत. मूळ रोगावर अवटुरोधी औषधे, शस्त्रक्रिया किंवा किरणोत्सर्गी आयोडीन हे उपाय आहेत.

किरणोत्सर्गी आयोडिनाचा उपचार सॉल हर्ट्‌झ व आर्थर रॉबर्ट्‌स यांनी बॉस्टन येथे १९४१ मध्ये प्रथम केला. महाराष्ट्रात या उपचाराला अणुऊर्जा कार्यक्रमाचे पाठबळ मिळाले. तुर्भे येथील ‘अप्सरा’ अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झाल्यावर देशातच किरणोत्सर्गी समस्थानिके तयार करण्याचा मार्ग खुला झाला. १९६३ मध्ये मुंबईत परळ येथे रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झाले. अवटू ग्रंथीच्या विकारांचे निदान व उपचार हे या केंद्राचे एक प्रमुख कार्य ठरले. आयोडिनाचा परिणाम पूर्ण दिसण्यास काही आठवडे ते काही महिने लागतात. तोवर झटका पुन्हा येऊ शकत असल्याने संरक्षक औषध चालू ठेवणे आवश्यक असते.

मोठ्या केंद्रांपासून दूर राहणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत निदानाची वेळ निर्णायक ठरते. धाराशिव जिल्ह्यातील तेरखेड्यासारख्या गावी कोणा तरुणाचे पाय पहाटे लुळे पडल्यास, त्याच झटक्यात रक्तातील पोटॅशियम मोजणे व विद्युत् हृल्लेख काढणे हे पहिले काम होय. शक्ती परतल्यावर पोटॅशियमची तपासणी पुष्कळदा निर्दोष येते. यानंतर अवटू हॉर्मोनांची तपासणी आवश्यक असते, कारण गलगंड वा बटबटीत डोळे प्रत्येक रुग्णात दिसतातच असे नाही. रुग्ण चालू लागला म्हणून या तपासणीवाचून घरी गेला, तर ग्रंथीचा रोग तसाच राहतो व पुढील झटक्याचा धोका टळत नाही. ग्रंथीचे कार्य प्राकृत झाल्यावर मात्र हा अंगघात सहसा पुन्हा होत नाही.