विश्रांतीचा इतिहास : महाराष्ट्रातील आधुनिक योगपरंपरा आणि शवासन (इ.स. १९१८ ते १९७५)

प्रस्तावना :

विसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या शारीरिक संस्कृतीचा इतिहास प्रामुख्याने बळाचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. तालीम, आखाडा, मल्लखांब, लेझीम आणि सूर्यनमस्कार यांच्याद्वारे पारतंत्र्यातील समाजाने आपले हरवलेले सामर्थ्य परत मिळवावे, ही त्यामागची प्रेरणा होती. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा हिरिरीने प्रसार केला आणि १९२८ मध्ये त्यावर इंग्रजी ग्रंथही प्रसिद्ध केला. या साऱ्या प्रयत्नांचे मोल निर्विवाद आहे. तथापि, या इतिहासाच्या केंद्रस्थानी निरोगी, तरुण आणि बहुतांशी पुरुषाचे शरीर राहिले. थकलेले, आजारी, वृद्ध किंवा घरकामाने वाकलेले शरीर त्यात अभावानेच दिसते.

याच काळात, याच भूमीत, शरीराला विश्रांती कशी द्यावी याचेही एक शास्त्र आकाराला येत होते. त्याचा मागोवा घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती :

१. शवासनाचे स्थान आधुनिक काळात कसे बदलत गेले, हे पाहणे.
२. सर्व प्रकारच्या शरीरांना सामावून घेणारा योग महाराष्ट्रात कसा घडला, याचा शोध घेणे.
३. हा वारसा विठ्ठलवाडीसारख्या उपनगरी वस्तीला कितपत उपलब्ध आहे, याची चर्चा करणे.

लेखासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित ग्रंथ व वैद्यकीय शोधनिबंध यांचा आधार घेतला आहे. विठ्ठलवाडीच्या निवडीमागे भौगोलिक कारण आहे. कल्याण आणि उल्हासनगर यांच्या दरम्यानचे हे स्थानक मुंबई-पुणे लोहमार्गावर येते. या विषयातील परळ, ठाणे, लोणावळा आणि पुणे ही महत्त्वाची ठिकाणे त्याच मार्गावर आहेत. ज्या वाटेने हे ज्ञान ये-जा करीत होते, त्या वाटेवरील श्रमिक वस्तीपर्यंत ते पोहोचले काय, हा प्रश्न त्यामुळेच उपस्थित करावासा वाटतो.

प्राचीन ग्रंथांतील विश्रांती :

पंधराव्या शतकातील स्वात्मारामकृत ‘हठयोगप्रदीपिका’ या ग्रंथात शवासनाचे वर्णन येते. प्रेताप्रमाणे जमिनीवर उताणे पडणे हे त्याचे स्वरूप. ते श्रम हरण करते आणि चित्ताला विश्रांती देते, असे त्याचे फळ सांगितले आहे. ‘घेरंडसंहिते’तील ३२ आसनांतही ते मृतासन या नावाने समाविष्ट आहे. येथे एक बाब लक्षणीय आहे. शरीराचा शीण आणि चित्ताचा क्षोभ या दोन वेगळ्या व्याधी न मानता एकाच स्थितीने दोहोंचा उपशम होतो, असे हे ग्रंथ मानतात. अर्थात, त्यांच्यासमोर गृहस्थाश्रमी माणूस नसून साधक होता. ग्रंथाचा हा विचार संसारी माणसाच्या घरात आणण्याचे कार्य विसाव्या शतकाने केले.

गृहस्थाश्रमी माणसाचा योग :

या परिवर्तनाचा एक महत्त्वाचा आरंभ २५ डिसेंबर १९१८ रोजी वर्सोवा येथे झाला. मालसरच्या परमहंस माधवदासजींचे शिष्य मणिभाई देसाई, म्हणजेच श्रीयोगेंद्र (१८९७–१९८९) यांनी त्या दिवशी ‘द योग इन्स्टिट्यूट’ची स्थापना केली. पुढे ही संस्था सांताक्रूझ येथे स्थिरावली. योग हा संन्याशाचा मक्ता नाही, अशी श्रीयोगेंद्रांची धारणा होती. अवघड आसनांचे त्यांनी सुलभ प्रकार योजले. त्यांच्या पत्नी सीतादेवी योगेंद्र यांचे स्त्रियांच्या योगाभ्यासावरील पुस्तक १९३४ मध्ये प्रसिद्ध झाले. स्त्रीने स्त्रियांसाठी लिहिलेल्या आधुनिक योगग्रंथांत ते अगदी आरंभीचे होय. व्यायामशाळेचा उंबरठा ओलांडणे ज्या काळात बहुसंख्य स्त्रियांना शक्य नव्हते, त्या काळात योगाभ्यास घरात आणणे हे सामाजिक दृष्ट्या मोठे पाऊल होते.

लोणावळा : विश्रांतीचे शास्त्र

माधवदासजींचेच दुसरे शिष्य जगन्नाथ गणेश गुणे, अर्थात स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६). बडोद्यात राजरत्न माणिकराव यांच्या आखाड्यात त्यांचे शारीरिक शिक्षण झाले. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळा येथे कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. उड्डियान आणि नौली या क्रियांचा क्ष-किरणांच्या साहाय्याने त्यांनी केलेला अभ्यास सर्वश्रुत आहे.

कुवलयानंदांच्या कार्यात दोन्ही प्रवाह एकत्र नांदताना दिसतात. एकीकडे, हुकमाबरोबर समूहाने करावयाचा ‘यौगिक संघ व्यायाम’ त्यांनी सिद्ध केला. दुसरीकडे, शरीरसंवर्धनात्मक, ध्यानोपयोगी आणि विश्रांतिकारक असे आसनांचे वर्गीकरण कैवल्यधामच्या परंपरेत रूढ झाले. या वर्गीकरणाने विश्रांतीला स्वतंत्र दर्जा मिळाला. दोन आसनांमधील उसंत एवढेच शवासनाचे स्थान न राहता तो एक क्रमाक्रमाने शिकण्याचा अभ्यास ठरला. १९२७ मध्ये रक्तदाबाच्या विकाराने त्रस्त असलेल्या महात्मा गांधींनी कुवलयानंदांचा सल्ला घेतला होता आणि उभयतांत पत्रव्यवहारही झाला होता.

ही हालचाल केवळ भारतीय नव्हती. १९२९ मध्ये अमेरिकेत एडमंड जेकबसन यांचा स्नायूंच्या क्रमिक शिथिलीकरणावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. यंत्रयुगातील माणूस विश्रांती घेणे विसरला आहे आणि ती त्याला नव्याने शिकवावी लागेल, ही जाणीव दोन्ही खंडांत जवळपास एकाच वेळी व्यक्त होत होती.

परळ : रुग्णालयातील शवासन

१९६३ मध्ये स्वामी कुवलयानंद व डॉ. एस. एल. विनेकर यांचा यौगिक चिकित्सेवरील ग्रंथ केंद्र शासनाच्या आरोग्य शिक्षण विभागाने प्रकाशित केला. त्यानंतरच्या दशकात या विषयाचे केंद्र परळच्या के.ई.एम. रुग्णालयाकडे सरकले. तेथील मनोविकारतज्ज्ञ डॉ. एन. एस. वाहिया यांनी डॉ. विनेकर व सहकाऱ्यांसमवेत १९६६ मध्ये मनोविकारांच्या उपचारातील प्राचीन भारतीय संकल्पनांवर ब्रिटिश नियतकालिकात निबंध लिहिला. पतंजलींच्या विचारावर आधारलेली त्यांची उपचारपद्धती १९७३ मध्ये अमेरिकी नियतकालिकातही मांडली गेली.

हृदयविकारतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. डॉ. विनेकर याही निबंधाचे सहलेखक होते. उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना रोज अर्धा तास शवासन करण्यास शिकविण्यात आले. पद्धत अत्यंत साधी होती. उताणे पडावे, हात-पाय किंचित विलग ठेवावेत, स्नायू सैल सोडावेत, पोटाने संथ श्वसन करावे आणि आत येणाऱ्या श्वासाचा गारवा व बाहेर जाणाऱ्या श्वासाची ऊब नाकपुड्यांशी अनुभवावी. औषध न घेणाऱ्या रुग्णांचा रक्तदाब उतरला, तर औषध घेणाऱ्यांपैकी अनेकांची औषधाची गरज घटली. तुलनेसाठी स्वतंत्र नियंत्रित गट नसणे, ही या अभ्यासाची मर्यादा होय. ती उणीव पुढे इंग्लंडमध्ये डॉ. चंद्रा पटेल यांनी भरून काढली. योगातील शिथिलीकरण व जैवप्रतिसाद यंत्रे यांच्या संयुक्त वापराचा त्यांचा नियंत्रित प्रयोग १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला.

इतिहासाच्या दृष्टीने परळच्या प्रयोगाचे महत्त्व निराळे आहे. त्यात सहभागी होण्यासाठी लवचिक अंग, तारुण्य वा पूर्वाभ्यास यांपैकी कशाचीच अट नव्हती. आजारी असणे ही येथे अपात्रता न ठरता प्रवेशाची पात्रता ठरली. सार्वजनिक रुग्णालयात येणारा सामान्य रुग्ण योगाच्या इतिहासात प्रथमच ठळकपणे अवतरला, असे म्हणता येईल.

पुणे : शरीराला आसनाचा आधार

बी. के. एस. अय्यंगार (१९१८–२०१४) १९३७ मध्ये पुण्यात आले. बालपणी मलेरिया, विषमज्वर व क्षय यांनी त्यांचे शरीर खंगलेले होते. त्यांची कीर्ती कठीण आसनांसाठी असली, तरी त्यांच्या जागतिक लौकिकाचा एक प्रारंभ विश्रांतीतूनच झाला. १९५२ मध्ये मुंबईत विख्यात व्हायोलिनवादक येहुदी मेनुहिन त्यांना भेटले तेव्हा ते दौऱ्याने थकून गेले होते आणि अय्यंगारांनी त्यांना शवासनात निजविताच ते झोपी गेले. १९६६ च्या ‘लाइट ऑन योगा’ या ग्रंथाला मेनुहिन यांचीच प्रस्तावना आहे.

लोड, पट्टा, खुर्ची, भिंतीवरील दोर आणि लाकडी ठोकळे यांचा पद्धतशीर वापर ही अय्यंगारांची मोठी देणगी होय. ज्याचे हात पायांच्या बोटांपर्यंत पोहोचत नाहीत, त्याला पट्टा द्यावा. ज्याची पाठ दुखते, त्याच्या गुडघ्यांखाली लोड ठेवावा. शरीराने आसनाशी जुळवून घ्यावे हा जुना दंडक येथे उलटला आणि आसन शरीराजवळ आले. १९७५ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्थेत या पद्धतीला कायमचे घर मिळाले. अय्यंगार यांच्या कन्या गीता अय्यंगार (१९४४–२०१८) यांनी स्त्रीजीवनातील मासिक पाळी, गर्भारपण, ऋतुनिवृत्ती या अवस्थांनुसार अभ्यासाची मांडणी केली.

ठाणे-कल्याण परिसर आणि विठ्ठलवाडी :

ठाणे शहरात अंबिका योग कुटीर आणि घंटाळी मित्र मंडळ या संस्थांनी योगवर्गांची परंपरा रुजविली. हठयोगी निकम गुरुजींच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या अंबिका योग कुटीरचे कार्य सेवाभावी शिक्षकांच्या बळावर चालते. नोकरदार मध्यमवर्गाला योग परिचित होण्यात अशा संस्थांचा वाटा मोठा आहे.

विठ्ठलवाडीची घडण मात्र वेगळी आहे. १८५४ मध्ये कल्याणपर्यंत रेल्वे आली. फाळणीनंतर शेजारच्या लष्करी छावण्यांत सिंधी निर्वासितांचे पुनर्वसन झाले आणि १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव रूढ झाले. उखडलेली माणसे, कारखान्यांतील कामगार आणि मुंबईच्या भाड्याला न परवडणारी कुटुंबे यांच्या वस्तीने हा परिसर भरत गेला. येथून मुंबईच्या दक्षिण टोकापर्यंतचा लोकलप्रवास एका बाजूने सव्वा ते दीड तासाचा आहे. परळच्या रुग्णांना सांगितलेला अर्धा तास येथील नोकरदार स्त्रीच्या दिवसात कोठे बसवायचा? पहाटे डबे, संध्याकाळी स्वयंपाक आणि मध्ये उभ्याने प्रवास, असा तिचा दिनक्रम असतो. शवासनाला साधारण ६ फूट लांब आणि ३ फूट रुंद, म्हणजे १८ चौरस फूट मोकळी जमीन लागते. १० बाय १२ फुटांच्या खोलीत चारपाच माणसे राहत असतील, तर तेवढी जमीन अर्धा तास एकट्याच्या वाट्याला येणे कठीणच.

यावर लोणावळा, परळ आणि पुणे यांच्या इतिहासातच एक उत्तर दडलेले आहे. शवासनाचे सार पडून राहण्यात नसून सैल सोडलेले स्नायू, संथ श्वास आणि श्वासाशी जोडलेले अवधान या तिहींत आहे. हे खुर्चीवर बसून, भिंतीला पाठ टेकून, डोळे उघडे ठेवूनही साधता येते. ज्यांना डोळे मिटून उताणे पडणे असुरक्षित वाटते, किंवा गर्भारपणाच्या उत्तरार्धामुळे तसे पडणे योग्य नसते, त्यांच्यासाठी हा पर्याय अधिक मोलाचा आहे. मात्र अशा अभ्यासाने रुग्णाने औषध परस्पर बंद करू नये. के.ई.एम.मधील प्रयोगही वैद्यकीय देखरेखीखालीच झाला होता.

निष्कर्ष :

१. महाराष्ट्रातील आधुनिक योगाचा इतिहास केवळ बलसंवर्धनाचा नसून विश्रांतीचाही आहे.
२. सांताक्रूझने योग संसारी माणसाकडे नेला, लोणावळ्याने विश्रांतीला शास्त्राचे रूप दिले, परळने ती रुग्णाला दिली आणि पुण्याने प्रत्येक शरीराला आधार पुरविला.
३. या परंपरेने वय, लिंग आणि आजार यांचे अडसर बऱ्याच अंशी दूर केले. जागा आणि वेळ यांचा अडसर मात्र तिला दूर करता आला नाही, कारण तो शरीराचा नसून समाजरचनेचा आहे.

२०१५ पासून २१ जून हा आंतरराष्ट्रीय योगदिन म्हणून साजरा होतो. मैदानावर एका तालात हलणारे हजारो हात त्या दिवशी दिसतात. तो संघ व्यायामाचा वारसा आहे आणि तोही आपलाच आहे. परंतु विठ्ठलवाडीच्या फलाटावर रात्री उतरणाऱ्या माणसाला या परंपरेच्या दुसऱ्या वारशाची अधिक गरज आहे. महानगरपालिकेच्या शाळांचे वर्ग संध्याकाळनंतर रिकामे असतात. त्यांतील एखादा वर्ग, काही सतरंज्या व खुर्च्या आणि शिकविणारी एक जाणती व्यक्ती एवढ्यावर हा वारसा येथे उतरू शकेल. विश्रांती ही आळसाची खूण नसून कष्टकऱ्याचा हक्क आहे, हे आधी मान्य व्हावे लागेल.