भाजण्याचा धूर : रिओ टिंटो, 1888

दहावीचा धातुविज्ञानाचा धडा आठवतो का? सल्फाइड धातुकं भरपूर हवेत तापवली की 'भाजणे', कार्बोनेट धातुकं कमी हवेत तापवली की 'निस्तापन'. फरक लिहा, मार्क घ्या, विसरा. भाजताना सल्फर डायऑक्साइड बाहेर पडतो. समीकरणात तो सगळ्यात शेवटी असतो. आजची गोष्ट त्याचीच आहे.

दक्षिण स्पेनमधलं रिओ टिंटो. 1873 मध्ये सरकारने इथल्या खाणी एका ब्रिटिश कंपनीला विकल्या. खनिजात तांबं थोडंसं, गंधक भरपूर. मग स्वस्तातली पद्धत कोणती? उघड्यावर खनिजाचे मोठमोठे ढीग रचायचे आणि खालून लाकडं पेटवायची. एकदा गंधकाने पेट घेतला की ढीग महिनोन् महिने आपोआप धुमसत राहतो. नंतर भाजलेलं खनिज पाण्यात भिजवायचं. तांब्याचे क्षार विरघळतात, त्या पाण्यात लोखंड टाकलं की तांबं वेगळं होतं.

आणि धूर? वारा पडला की तो गावावर बसायचा. लोक त्याला 'मांता' म्हणायचे, म्हणजे घोंगडी. शेतकऱ्यांची पिकं करपायची. धुरामुळे खाणीतलं काम थांबलं की मजुरी कापली जायची. म्हणजे धूर कंपनीचा आणि भुर्दंड मजुराला!

4 फेब्रुवारी 1888. मजूर आणि शेतकरी, दोघं एकत्र आले. बायका-मुलांसह मोर्चा नगरपालिकेसमोरच्या चौकात पोचला. तिथे सैनिकांनी गोळीबार केला. सरकारी आकडा 13 मृतांचा, पण खरा आकडा शंभराच्या पुढे होता असं तिथे आजही सांगितलं जातं.

त्याच महिन्याच्या शेवटी सरकारने उघड्यावर भाजायला बंदी घातली. छान ना? पण 1890 मध्ये ती मागे घेतली गेली. ढीग पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत धुमसत राहिले.

आता खरी मेख ऐका. याच खाणींमधलं बरंचसं खनिज जहाजाने ब्रिटनला जायचं. तिथे ते बंद भट्ट्यांमध्ये भाजायचे आणि निघालेला वायू पकडून त्यापासून सल्फ्युरिक आम्ल बनवायचे. म्हणजे वायू पकडता येतो हे तेव्हाही ठाऊक होतं. रिओ टिंटोत तो सोडून दिला, कारण सोडणं फुकट होतं.

तर मंडळी, पुढच्या वेळी 'भाजणे' हा शब्द वाचाल तेव्हा समीकरणाच्या शेवटी नक्की बघा. भेटूया पुढच्या भागात!