समुद्री कयाकची निवड

समुद्री कयाक म्हणजे वरून झाकलेली, लांबट आणि अरुंद होडी. वल्हवणारा पाय पुढे पसरून तिच्यात बसतो आणि दोन्ही टोकांना पाती असलेल्या वल्ह्याने ती चालवतो. एकट्यासाठीच्या कयाकची लांबी साधारण ४.५ ते ५.५ मीटर, तर रुंदी ५० ते ६० सेंटिमीटर असते. एवढ्या अरुंद होडीत माणूस नुसता बसत नाही. कंबर, मांड्या आणि तळवे यांनी तो तिला धरून असतो. म्हणून निवडीचा विचार शरीरापासून सुरू करावा लागतो.

ग्रीनलंडचे इनुइट शिकारी तेच करत. वाहून आलेल्या लाकडांचा सांगाडा, त्यावर सीलचे कातडे आणि माप शिकाऱ्याच्या स्वतःच्या अंगाचे. जुन्या रीतीप्रमाणे लांबी सुमारे तीन वाव आणि बैठकीपाशी रुंदी कंबरेहून दोन मुठी जास्त. आजची कयाक साच्यातून निघते आणि आपल्या मापाची होडी हुडकणे ग्राहकावर येते. पन्नास किलो वजनाची व्यक्ती धिप्पाड माणसाच्या कयाकमध्ये बसली, तर होडी पाण्यावर उंच तरंगते, वारा तिला ढकलत नेतो आणि मांड्यांना आधार नसल्याने ती कलवून वळवता येत नाही. १९७५ साली नॉर्वेच्या मोहिमेसाठी ब्रिटनमध्ये घडवलेली ‘नॉर्डकॅप’ पुढे लहान चणीच्या लोकांसाठी कमी आकारमानातही निघाली, ती याच गरजेतून.

नवखे लोक हमखास फसतात ते स्थैर्याच्या बाबतीत. सपाट, रुंद तळाची कयाक शांत पाण्यात भक्कम वाटते, पण लाट आडवी आली की तिच्या उताराबरोबर तीही कलते. गोलसर तळाची कयाक सुरुवातीला डुगडुगते. मात्र कलल्यावर तिच्या बाजू तिला तोलून धरतात आणि खाली लाट सरकत असताना माणूस सरळ राहू शकतो. खुल्या समुद्रात जायचे असेल, तर हे दुसरे स्थैर्य जास्त मोलाचे.

लांब कयाकचा कमाल वेग जास्त, हे खरे. पण बहुतेक जण ताशी तीन-चार सागरी मैलांनीच वल्हवतात. त्या वेगाला पाण्याशी होणारे घर्षण महत्त्वाचे ठरते आणि मोठ्या होडीत ते वाढते. ताकद बेताची असेल, तर लांबीचा सोस परवडत नाही.

वाऱ्याचाही विचार हवा. बाजूने वारा आला की चालत्या कयाकची नाळ वाऱ्याकडे वळू लागते, कारण पुढचा भाग पाण्याच्या दाबाने रोखलेला असतो आणि मागचा घसरतो. कोकण किनारा साधारण उत्तर-दक्षिण असल्याने दुपारचा खारा वारा किनाऱ्यालगत जाणाऱ्याला बहुधा बाजूनेच गाठतो. अशा ठिकाणी सुकाणू किंवा तळातून खाली सोडता येणारे स्थिर पाते अत्यावश्यक मानावे.

पॉलिथिलीनची कयाक जड असते, अनेकदा २५ किलोंहून अधिक, पण खडकावर आपटूनही टिकते. फायबरग्लासची हलकी आणि वेगवान, तरी खडकाळ किनाऱ्यावर जपावी लागते. कार्बनची आणखी हलकी आणि बरीच महाग. गोव्यात किंवा तारकर्लीला पर्यटकांना मिळतात त्या बहुतेक उघड्या, वर बसायच्या कयाक. त्या रुंद आणि संथ असतात. पण उलटल्यावर पुन्हा चढणे सोपे असल्याने उबदार, आडोशाच्या पाण्यात त्याच योग्य.

गरज बदलली की होडीही बदलते. १९३२ साली जर्मनीतील उल्महून निघालेल्या ऑस्कर स्पेकने भारताचा पश्चिम किनारा घडीच्या कयाकमधून पार केला आणि १९३९ मध्ये तो ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोहोचला. ऑस्ट्रेलियाची प्रदक्षिणा पॉल कॅफिनने १९८२ मध्ये ‘नॉर्डकॅप’मधून पूर्ण केली, तर फ्रेया होफमाइस्टरने २००९ मध्ये शर्यतीच्या होड्यांच्या जवळ जाणाऱ्या ‘एपिक १८एक्स’मधून.

विकत घेण्यापूर्वी कयाक पाण्यात तपासावी, तीही रोजचे बूट घालून. मोठ्या पावलांना कमी उंचीची होडी काचते. किमान तासभर वल्हवल्यावर पाय बधिर होतात का, पुढे-मागे जलरोधक कप्पे आहेत का, ती रिकामी आणि सामानासह कशी चालते, हे पाहावे. नंतर किनाऱ्याजवळ, सोबतीला जाणकार ठेवून ती मुद्दाम उलटवावी. बाहेर पडून पुन्हा आत चढता आले नाही, तर ती होडी त्या व्यक्तीसाठी नाही.